विजेवरील व पेट्रोलवरील मोटारींचे पर्यावरणीय परिणाम (धाराशिव जिल्हा)

विजेवर व पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारींच्या पर्यावरणीय परिणामांची तुलना निर्मिती, वापर आणि विल्हेवाट या तीन टप्प्यांवर केली जाते. धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) हा जिल्हा अवर्षणप्रवण असल्याने येथे पाण्याचा वापर हाही तुलनेतील महत्त्वाचा घटक ठरतो.

निर्मिती
बॅटरीसाठी लिथियम, निकेल आदी खनिजे काढणे व त्यांवर प्रक्रिया करणे यांस मोठी ऊर्जा लागते. त्यामुळे नव्या विजेच्या मोटारीवरील कार्बनभार पेट्रोल मोटारीपेक्षा अधिक असतो. तो पुढील वापरात भरून निघतो.

वापर
एक लिटर शुद्ध पेट्रोल जळाल्यास सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. लिटरमागे १६ किलोमीटर धावणारी मोटार १०० किलोमीटरमध्ये सुमारे १४ किलो वायू सोडते. तेवढ्याच अंतरासाठी विजेच्या मोटारीस साधारण १५ युनिट वीज लागते. देशातील वीजनिर्मितीत कोळशाचा वाटा मोठा असून युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो उत्सर्जन होते. म्हणजेच एकूण सुमारे साडेदहा किलो. चार्जिंग व वहनातील गळती धरल्यास हा फरक घटतो, तर पेट्रोलचे शुद्धीकरण व वाहतूक धरल्यास पुन्हा वाढतो. विजेच्या मोटारीतून धूर निघत नाही. टायर व रस्त्याची धूळ मात्र दोन्हींमुळे उडते.

जिल्ह्यात पवनचक्क्या आहेत, तसेच कौडगाव येथे महानिर्मितीचा सौरऊर्जा प्रकल्प आहे. ही वीज सामाईक जाळ्यात मिसळते. छतावरील सौर पॅनेलवर दिवसा चार्ज केलेल्या मोटारीचा लाभ अधिक थेट असतो.

पाणी
औष्णिक वीजनिर्मितीस पाणी लागते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळी औष्णिक विद्युत केंद्र २०१५ मध्ये पाणीटंचाईमुळे बंद ठेवावे लागले होते. २०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार जुन्या केंद्रांसाठी युनिटमागे ३.५ लिटरची मर्यादा आहे. त्या हिशेबाने १५ युनिटांस सुमारे ५० लिटर पाणी लागते. दुसरीकडे, पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी खर्ची पडते. अशा इथेनॉलमुळे कार्बनचा हिशेब सुधारतो, पण पाण्याचा बिघडतो.

विल्हेवाट
बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर वा पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.