सोन मायची ५०४ नावे

व्हिएतनामच्या क्वांग न्गाय प्रांतात सोन माय नावाचे गाव आहे. जग त्याला माय लाय म्हणून ओळखते. तेथील संग्रहालयात आत पाऊल टाकताच काळ्या संगमरवराचा फलक दिसतो. त्यावर ५०४ नावे आहेत, वयासकट. १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकन सैनिकांनी ठार मारलेले हे गावकरी. त्यात १७ गर्भवती स्त्रिया आणि १३ वर्षांखालील २१० मुले. आम्ही तेथे गेलेलो नाही, पण कोरेगावच्या जयस्तंभावरील नावे वाचायला आपली माणसे दर १ जानेवारीला का जातात, हे ज्याला कळते त्याला हा फलकही कळेल. फरक इतकाच की ही नावे सैनिकांची नाहीत, शेतकऱ्यांची आहेत.

त्या दिवशी लष्कराने जाहीर काय केले? १२८ शत्रू ठार, तीन बंदुका जप्त! सव्वाशे शत्रूंजवळ तीनच बंदुका कशा, हे तेव्हा कोणी विचारले नाही. पुढे खटला उभा राहिला, तेव्हा लेफ्टनंट विल्यम कॅलीवरील सुरुवातीच्या आरोपपत्रात मृतांचा उल्लेख 'पौर्वात्य मानव' असा होता. नाव नाही, गाव नाही. आम्ही वकिलीत हे नेहमी पाहतो. मेलेला गरीब असला की कागदावर तो 'एक इसम' होतो. १९७१ मध्ये कॅली किमान २२ खुनांसाठी दोषी ठरला, जन्मठेप झाली. तीनच दिवसांत अध्यक्ष निक्सन यांनी त्याला तुरुंगातून काढून घरी नजरकैदेत ठेवले आणि १९७४ मध्ये तो मोकळा झाला. त्याच्याशिवाय एकालाही शिक्षा नाही.

संग्रहालयात लावलेली छायाचित्रे लष्कराचाच छायाचित्रकार रोनाल्ड हेबर्ले याने काढलेली आहेत. रंगीत छायाचित्रे त्याने स्वतःच्या कॅमेऱ्यावर घेतली, म्हणून ती लष्कराच्या हाती लागली नाहीत. पायवाटेवर पडलेल्या बायका-मुलांच्या त्यातील एका छायाचित्राचे न्यूयॉर्कच्या कलावंतांनी भित्तिचित्र केले. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आधी साह्य कबूल केले, मग वरच्या मंडळींनी हात आखडता घेतला. कलावंतांनी तरीही ५० हजार प्रती छापल्या आणि १९७० च्या जानेवारीत त्याच संग्रहालयात, पिकासोच्या 'गेर्निका'समोर, त्या हातात धरून उभे राहिले. १९३७ साली बॉम्बखाली मेलेल्या स्पॅनिश गावासाठी भिंत होती. व्हिएतनामी गावासाठी नव्हती!

हेबर्लेचे आम्ही ऋण मानतो, पण अर्धेच. प्रत्यक्ष गोळ्या झाडणारे सैनिक ज्यांत दिसत होते ती छायाचित्रे आपण नष्ट केली, असे त्याने २००९ मध्ये कबूल केले. कोर्टाच्या भाषेत याला पुरावा नष्ट करणे म्हणतात. त्यामुळे सोन मायच्या त्या दालनात मेलेल्यांचे चेहरे दिसतात. बंदुकीमागचे चेहरे दिसत नाहीत.