माऊला फिट आली? आधी मोबाइल काढा!

कॉलेज करून उंबरमाळीला उतरलात, घरी पोचलात आणि रोज दारात धावत येणारी माऊ कोपऱ्यात आडवी पडून पाय झाडतेय, तोंडाला फेस. काय कराल? तिला घट्ट धरू नका, तोंडात पाणी ओतू नका, बोट तर मुळीच घालू नका. आजूबाजूच्या वस्तू सरकवा, घड्याळ बघा आणि व्हिडिओ काढा. फिट बहुतेक वेळा मिनिट-दोन मिनिटांत थांबते. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा पाठोपाठ आली, तर लगेच दवाखाना गाठा.

व्हिडिओ कशाला? कारण तुम्ही खर्डी किंवा शहापूरला पोचेपर्यंत बाईसाहेब काही झालंच नाही अशा बसलेल्या असतात! डॉक्टरांना झटका दिसतो तो तुमच्या मोबाइलमध्येच. मान एका बाजूला वाकडी आणि गोल गोल फिरणं, हे कानाच्या आतल्या संसर्गामुळेही होतं. मागचे पाय अचानक लुळे आणि गार पडले, मांजर कळवळतंय, तर हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी असू शकते. तिथे एक मिनिटही घालवू नका.

गावात आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा : घरातल्या कुत्र्याला किंवा गुरांना गोचिडांचं औषध लावलं होतं का? कुत्र्यांच्या काही औषधांतलं पर्मेथ्रिन मांजरासाठी विष आहे. थरथर, झटके, सगळं त्यातून येतं. तापाची पॅरासिटामॉल तर मांजराला कधीच नाही.

माऊचं वागणं एकदम बदललं, लाळ गळतेय, अंगावर येतेय, तर रेबीजची शंका धरा. चावली किंवा ओरखडलं तर जखम साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

मशिन शेवटी येतं

मेंदू-मज्जातंतूंची तपासणी म्हणजे थेट एमआरआय, असं अनेकांना वाटतं. पण डॉक्टर आधी मांजराला चालवून बघतात, डोळ्यांवर टॉर्च मारतात, पंजा उलटा टेकवतात. निरोगी मांजर तो झटकन सरळ करतं. बिघाड मेंदूत, मणक्यात की नसांत, याचा अंदाज इथेच येतो. मग रक्तातली साखर, यकृत, मूत्रपिंड आणि रक्तदाब. त्यानंतरच एमआरआय आणि गरज असेल तर मणक्यातलं पाणी काढून तपासणी. हे दोन्ही भूल देऊनच होतं, कारण मांजर स्थिर पडून राहणार नाही. उपाशी किती वेळ ठेवायचं, हे डॉक्टरच सांगतील.

आधी तालुक्याचा गुरांचा दवाखाना, तिथून चिठ्ठी घेऊन मुंबई. परळला 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई रुग्णालय आहे. महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटा ट्रस्ट्सचं रुग्णालय सुरू झालंय. लोकलनं दादरपर्यंतच दोनेक तास जातात. त्यामुळे कोणती तपासणी होते, खर्च किती, वेळ कधीची, हे फोनवर विचारूनच निघा. माऊला टोपलीतून न्यायचे नियमही रेल्वेकडे विचारा.

पैसे जमवायच्या आधी डॉक्टरांना एक प्रश्न बिनधास्त विचारा : ‘या एमआरआयमुळे उपचार बदलणार आहेत का?’ काही मांजरांत स्कॅन स्वच्छ येतो आणि फिटच्या गोळ्याच चालू कराव्या लागतात. उत्तर ‘नाही’ असेल, तर तेच पैसे गोळ्यांसाठी ठेवा. त्या रोज, ठरल्या वेळी द्याव्या लागतात आणि मनानं कधीच बंद करायच्या नसतात. परीक्षेच्या दिवसांत गोळी कोण देणार, हे घरच्यांशी आजच बोलून घ्या.