रविवार कुणाचा?

पहिली घंटा साडेनऊला झाली, दुसरी आता होते आहे, आणि चर्चमध्ये अजून जेमतेम दहा-बारा माणसं. नेवासे तालुक्यातलं हे गाव मुळा उजव्या कालव्याच्या भिजणीत येतं. फेब्रुवारी संपत आलाय. गहू पिवळा पडतोय, उन्हाळ कांदा पोसतोय, ऊसतोड जोरात आहे. अशा दिवसांत दहाच्या उपासनेला लोक साडेदहापर्यंत येत राहतात, हे पाळकसाहेबांना ठाऊक आहे. ते सतरंजीचं दुमडलेलं टोक सरळ करतात आणि पेटीवाल्याला मानेनंच खूण करतात.

भजन नारायण वामन टिळकांचं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर टिळक नगरला येऊन राहिले आणि त्यांनी ख्रिस्ती उपासनेला अभंगाची गोडी लावली. इथे पेटी आहे, ढोलकी आहे, टाळांच्या दोन जोड्या आहेत. दुसऱ्या कडव्याला टाळ धरला जातो, आवाज चढतो, आणि दारातल्या चपला वाढत जातात.

या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची आहे. पुढच्या आठवड्यात रात्रीची. मिळतील त्या तासांत भरणं उरकायचं. त्यामुळे बऱ्याच पुरुषांच्या घोट्यांना ओला चिखल आहे. मोटार आता मोबाईलवरून चालू-बंद होते, पण वाफा भरला की दारं हातानंच मोडावं लागतं. म्हणून कुणी भावाला बांधावर ठेवून आलंय, कुणी बारावीतल्या पोराला. शब्बाथाच्या दिवशी बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला काढणार नाही का, असं येशूनं विचारल्याची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. उशिरा आलेले एक नाना टेकता टेकता शेजाऱ्याच्या कानाशी म्हणतात, “आमचा बैल रोजच पडतो विहिरीत. साडेसात हॉर्सचा.”

बायकांच्या बाजूला एक तरुण नर्स भिंतीला टेकून बसली आहे. नगरच्या एका दवाखान्यातली रात्रपाळी करून ती सकाळच्या एसटीनं थेट इथे आली. मिशनच्या शाळा-दवाखान्यांमुळे या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती बायकांना शिक्षिका आणि नर्स हे दोन पेशे फार लवकर मिळाले; तिच्या घरातही ती पहिली नसावी. तिच्या डाव्या तळहातावर बॉलपेननं लिहिलेले आकडे आहेत: बेड नंबर आणि त्यापुढे औषधाच्या वेळा. अर्ध्या पुसलेल्या. प्रार्थनेसाठी सगळे डोळे मिटतात, तशी तीही मिटते. ‘आमेन’ झाल्यावर बाकीचे उघडतात, तिचे मिटलेलेच राहतात. शेजारच्या मावशी काही न बोलता थोड्या सरकतात आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतात.

आता उघड्या प्रार्थना. ज्याला वाटेल त्यानं बसल्या जागी करायची. कांद्याला भाव मिळू दे. पोरीचा गणिताचा पेपर सोपा जाऊ दे. सुनेचं बाळंतपण नीट होऊ दे. बोअरचं पाणी मे महिन्यापर्यंत टिकू दे. इथे प्रार्थनेत शेतीचा सगळा जमाखर्च येतो. एक शेतकरी उपकार मानतो: दोन महिने ताटकळल्यावर आज त्याच्या उसाला तोड आली. टोळी पहाटेच फडात उतरली आहे.

पाळकसाहेब दोन उतारे वाचतात, निर्गम 20 आणि अनुवाद 5. दोन्हींत आज्ञा एकच, विसाव्याच्या दिवसाची. पण कारणं वेगळी, हे ते लक्षात आणून देतात. पहिल्यात देवानं सहा दिवस सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला म्हणून. दुसऱ्यात, तुम्ही मिसरात गुलाम होता याची आठवण राहावी म्हणून.

“गुलामाला सुट्टी नसते,” ते म्हणतात. “म्हणून ज्याची सुटका झाली, त्यानं दुसऱ्याला...”

रस्त्यावरून दोन ट्रॉल्या ऊस ओढत ट्रॅक्टर जातो. स्पीकरवर लग्नातलं गाणं. खिडक्यांची तावदानं थरथरतात. पाळकसाहेब बोट उतऱ्यावर ठेवून थांबतात. पोरं खिदळतात. ट्रॅक्टर वळणापलीकडे गेल्यावर ते वाक्य सोडलं होतं तिथूनच उचलतात, “...दुसऱ्याला जुंपून स्वतः विसावा घ्यायचा नाही. यादी बघा: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, आणि तुमच्या वेशीच्या आत आलेला परका माणूस.”

परका माणूस समोरच्या रानात कोप्या टाकून राहिलाय. दिवाळीच्या सुमाराला आलेली टोळी, कारखाना बंद होईपर्यंत इथेच. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरी टनावर, आणि हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल त्यातून फेडायची. एक दिवस बसलं की तेवढी फेड मागे पडते. त्यांना सुट्टी मिळते ती कारखान्यात बिघाड झाला तरच.

मघाचा शेतकरी मांडीवरचा फोन उलटा करून ठेवतो. तो पुन्हा थरथरतो. मुकादमाचा असावा.

मला लोखंडे आठवतात. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे 1884 पासून झटले आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. ते सत्यशोधक, त्यांनी रविवार मागितला तो खंडोबाचा वार म्हणून. देव निराळा, मागणं तेच. गिरणीचा भोंगा बंद करायला सांगता आलं, कारण समोर मालक होता. या फडात मालक कोण? शेतकरी म्हणतो कारखाना, कारखाना म्हणतो मुकादम, आणि मुकादमाच्या वहीत उचल.

उपासना संपल्यावर शेतकरी पायऱ्यांवर पाळकसाहेबांना गाठतो. “साहेब, मी थांबा म्हटलं तरी टोळी थांबत नाही. आज चुकलं तर उद्याची तोड दुसऱ्याच्या फडात. सकाळी ताकाचा कॅन तेवढा पाठवलाय.”

“बरं केलं,” पाळकसाहेब म्हणतात. “पण ताक म्हणजे विसावा नव्हे.” रागावून नाही. त्यांना स्वतःला अजून दोन गावांच्या उपासना घ्यायच्या आहेत. मोटारसायकल चिंचेखाली उभी आहे. त्यांचा रविवार सोमवारी येतो, तोही कुणी आजारी नसेल तर.

एवढ्यात पंचांपैकी एक जण सूचना सांगायची राहिली म्हणून सगळ्यांना थांबवतो. पुढच्या आठवड्यात लाईट रात्रीची. शनिवारी रात्रभर पाणी धरून सकाळी दहाला कोण येणार? तेव्हा उपासना साडेअकराला ठेवावी. पुरुषांच्या माना हलतात. ठराव झाल्यातच जमा.

“मला बोलायचंय,” खांदा देऊन बसलेल्या मावशी म्हणतात. नर्स आता जागी होऊन पिशवी आवरते आहे. “मघाशी यादी वाचली. बैल आहे, गाढव आहे, दासी आहे. बायको कुठंय?”

कुणीतरी हसतं. पाळकसाहेब हसत नाहीत. ते पवित्रशास्त्र उघडून दोन्ही उतारे पुन्हा बघतात, जणू मघाशी नजरेतून सुटलं असावं. सुटलेलं नाही, तिथे नाहीच.

“‘तू’ म्हटलंय ना, त्यात तीही आली,” नाना तोडगा काढतात.

“आली तर मग तिचं काम कोण करणार तेही ठरवा,” मावशी म्हणतात. “साडेअकराला उपासना म्हणजे दीडला जेवण. तुम्ही रात्रभर जागून येणार, भुकेले. म्हणजे आम्ही पहाटे धारा काढायच्या, स्वयंपाक करायचा, आवरून इथं यायचं, परत जाऊन वाढायचं. तुमची झोप झाली; आमचा विसावा कुठं गेला?”

पायऱ्यांवर चुळबुळ होते. पंच डोकं खाजवतो. शेवटी पेटीवाला म्हणतो, मसालेभात आपल्याला येतो, भगोनं चर्चचं आहेच. तांदळाचं नाना कबूल करतात. ऊसवाला शेतकरी सरपणाची जबाबदारी घेतो आणि जरा थांबून विचारतो, कोपीवाल्यांनाही सांगायचं का? माणसं बरीच होतील. पंच बोटांवर तांदळाचा हिशेब करू लागतो.

“सांगा,” मावशी म्हणतात, “पण भांडी घासायला कोण, तेही आत्ताच लिहून घ्या.”