नजर रस्त्यावर, नकाशा कानात!

सोमवार सकाळ. नऊ वाजून वीस मिनिटं. कर्वे रोड. दहाला सेनापती बापट रोडवर क्लायंट मीटिंग, तीही पहिलीच! हँडलवरच्या होल्डरमध्ये फोन, फोनवर निळी रेघ आणि समोर नळस्टॉप. आता नळस्टॉप हे काय प्रकरण आहे ते पुणेकरांना सांगायला नको. खाली चौक, वर फ्लायओव्हर, त्याच्याही वर मेट्रो. लॉ कॉलेज रोडला वळायचं तर खालूनच जायला हवं. पण सांगलीहून येऊन जेमतेम तीन आठवडे झालेल्या मला ते कुठून कळणार? रेघ वरून जातेय की खालून, हे बघायला मी मान खाली घातली. दोन सेकंद. फार तर अडीच.

मान वर केली तर पुढ्यात रिक्षा. थांबलेली! ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं आणि... ठप्प. वेग कमी होता, म्हणून बंपरवर निभावलं. रिक्षावाले काका उतरले, रिक्षाला काही झालं नाही याची खात्री केली, मग माझ्या होल्डरकडे बघत शांतपणे म्हणाले, ‘‘मॅडम, पिक्चर संपला का?’’

घरी येऊन हिशेब केला. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. दोन सेकंदांत २२ मीटर. पीएमपीच्या दोन मोठ्या बस एकामागे एक उभ्या केल्या तर जवळजवळ तेवढं अंतर! तेवढं आपण डोळे मिटून जातो. कारवाल्याला डॅशबोर्डवरच्या फोनकडे नुसता डोळा वळवला तरी पुरतं. बाइकवर मात्र हेल्मेटसकट अख्खी मान खाली जाते आणि रस्ता दिसेनासाच होतो. शिवाय कारवाल्याचं चुकलं तर पत्रा चेपतो. आपल्याला पत्रा नसतो, बॉस!

म्हणजे बाइकसाठी नेव्हिगेशनचा सेटअप निवडताना ‘स्क्रीन केवढी?’ हा पहिला प्रश्नच नाही. मान किती वेळा खाली घालावी लागेल, हा आहे. हे डोक्यात ठेवून दुकानात गेलात तर निम्मी गॅजेट्स आपोआप बाद होतात.

आधी फुकटातलं काम

काहीही विकत घेण्याआधी ॲपमधला मोड बदला. गूगल मॅप्समध्ये दुचाकीसाठी वेगळा मोड आहे. डिसेंबर २०१७ मध्ये तो सगळ्यात आधी भारतातच आला. तरीही आमच्या ऑफिसातले निम्मे बाइकवाले कारच्या चिन्हावरच गाडी हाकतात! पुण्यात याने फार तर पाच मिनिटांचा फरक पडेल, पण मुंबईत जाल तर महागात पडेल. वांद्रे-वरळी सी-लिंक, अटल सेतू, जे. जे. फ्लायओव्हर, सगळीकडे दुचाकीला बंदी. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेचं तर विचारूच नका. कारचा मोड तुम्हाला खुशाल तिथं नेऊन सोडतो आणि पुढे पोलीसमामा उभे!

दुसरी गोष्ट, निघण्यापूर्वी दोन मिनिटं रस्ता नीट बघून घ्या. पार्किंगमध्ये, गाडी बंद असताना. सगळी वळणं पाठ करायची नाहीत, फक्त फसवी तेवढी. फ्लायओव्हरचं तोंड, पेठांमधले वन-वे, बाजीराव रोडने जायचं की शिवाजी रोडने, असली. कारण उपग्रह राहिले वीस हजार किलोमीटरवर. तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली, हे फोनला खात्रीने कळत नाही. वरचा स्लॅब सिग्नल अडवतो, शेजारच्या काचेच्या बिल्डिंगा तो परतवतात आणि तुमचा निळा ठिपका भलत्याच गल्लीत फिरायला निघतो. गूगलने जुलै २०२४ मध्ये भारतातल्या ४० शहरांसाठी ‘फ्लायओव्हर घ्या’ अशी आगाऊ सूचना देणं जाहीर केलं, त्यामुळे बराच दिलासा आहे. पण पुणं काही एका जागी थांबत नाही. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, नवा ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला. असं काम चालू असेल तिथं फोनपेक्षा डायव्हर्जनचा पत्र्याचा बोर्ड खरा माना.

होल्डर लावताय? जरा थांबा

हँडलवर फोन, हा सगळ्यांचा पहिला सेटअप. स्वस्त आणि झटपट, मान्य. पण चार पंजांचा होल्डर घेतलात तर वरून रबराची जाळी असलेलाच घ्या, नाहीतर एका स्पीडब्रेकरला फोन रस्त्यावर! आणि तो टाकीजवळ, मधोमध लावू नका. जितका वर आणि आरशाच्या जवळ, तितकी मान कमी झुकते. आरशाच्या दांड्यावर बसणारे होल्डर त्यासाठीच असतात.

आता खरी गोम. तुमच्याकडे मोठ्या इंजिनाची बाइक आणि महागडा फोन असेल तर हे वाचाच. बाइकच्या जोरदार इंजिनाच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची आणि फोकसची यंत्रणा खराब होऊ शकते, असं खुद्द ॲपलनेच सप्टेंबर २०२१ मध्ये सांगितलं. कॅमेऱ्याच्या आत भिंग बारीक चुंबकांवर तरंगत असतं, हँडलची थरथर तिथपर्यंत पोचते. आमच्या ऑफिसातल्या एका बुलेटवाल्याचा कॅमेरा सहा महिन्यांत असा काही थरथरायला लागला, की त्याच्या बहिणीच्या हळदीचे सगळे व्हिडिओ भूकंपातले वाटतात! स्कूटरवालेही पूर्ण सुटलेले नाहीत. कंपन शोषणारा, रबरी गुट्ट्यांचा जोड मिळतो, तो ॲपलनेही सुचवलाय. किंवा सोपा उपाय, जुना फोन फक्त गाडीसाठी ठेवा आणि त्याला खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट द्या.

ऊन आणि पाऊस हे आणखी दोन शत्रू. आयफोनसाठी कंपनीने सांगितलेली मर्यादा ३५ अंश सेल्सिअसची आहे. एप्रिलमधलं पुणं आठवा! उन्हात चार्जिंगला लावून नकाशा चालू ठेवला की स्क्रीन आधी अंधूक होते, मग फोन रुसून बसतो, तोही नेमका अनोळखी चौकात. पावसात थेंबालाच बोट समजून स्क्रीन स्वतःच झूम होते. प्लास्टिकचं पाकीट लावलं तर आत वाफ धरते. जुलैमध्ये हिंजवडीला जाणाऱ्यांना हे काय नव्याने सांगायचं?

कानाचं बघा

म्हणून माझा कौल कानाला. पाऊस असो, ऊन असो, ‘दोनशे मीटरवर डावीकडे’ ऐकायला मान खाली घालावी लागत नाही.

पण हेल्मेटखाली साधे इअरफोन खुपसू नका. एकतर घट्ट हेल्मेटमध्ये कान अर्ध्या तासात ठणकतो. आणि बाहेरचे आवाज बंद करणारे असतील तर मागून येणाऱ्या डंपरचा हॉर्नही बंद! त्यापेक्षा हेल्मेटच्या अस्तरात बसणारे चपटे स्पीकर असलेले ब्लूटूथ संच घ्या. कार्डो, सेना यांचे मिळतात, आपल्या बेंगळुरूच्या ब्लूआर्मरचेही. काही हजार रुपये जातात, हे खरं. पण बहुतेक हेल्मेटमध्ये कानाशी खोलगट जागा असते, स्पीकर तिथं नीट बसतो. ती जागा नसेल तर आतला थर्माकोल कोरायचा उद्योग करू नका. आपटल्यावर डोकं वाचवतो तो थर हाच! आणि गाणी? ती ऑफिसात ऐका. रस्त्यावर फक्त वळणाच्या सूचना, तोही आवाज हॉर्न ऐकू येईल इतकाच.

बाण पुरे!

आवाज आवडत नसेल, किंवा एक नजर टाकायला काहीतरी हवंच असेल, तर अख्ख्या नकाशापेक्षा एक बाण बरा. रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर २०२० मध्ये मिटिऑर ३५० सोबत ‘ट्रिपर’ आणला, तेव्हा एवढीशी चकती बघून लोक हसले होते. मला विचाराल तर शहरात तेच हुशारीचं. बाण आणि अंतर, बस्स! पाव सेकंदात वाचून होतं. फोन खिशात राहतो, कॅमेरा शाबूत. टीव्हीएसच्या एनटॉर्क स्कूटरवर वळणाच्या सूचना २०१८ पासूनच आहेत. गाडी नवीन घेणारच असाल तर शोरूममध्ये मायलेजबरोबर हेही विचारा आणि टेस्ट राइडला स्वतःचा फोन जोडून बघा. सेल्समनच्या फोनवर सगळंच चालतं!

मनगटावरचं घड्याळही वळणाला थरथरतं, पण आधीच थरथरणाऱ्या हँडलवर ते जाणवतंच असं नाही. आणि गार्मिनच्या झूमोसारखी खास बाइकसाठीची यंत्रं? ग्लोव्हज घालून चालतात, पावसाला भीत नाहीत, उन्हात दिसतात. लडाखला निघाला असाल तर जरूर घ्या. रोज कोथरूड ते खराडी करणाऱ्याने एवढे पैसे कशाला घालवायचे? ट्रॅफिकची ताजी खबर हवी तर त्यालाही शेवटी फोनच जोडावा लागतो.

आणि हो, पोलीसमामांचं काय? २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गाडी चालवताना हातातला फोन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं. मात्र १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांत रस्ता शोधण्यापुरती सूट आहे. तीही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही, या अटीवर. सिग्नलला थांबून पत्ता टाइप करताना ही सूट पुढे करू नका, चालणार नाही!

माझा आजचा सेटअप? हेल्मेटमध्ये स्पीकर, फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, होल्डर कपाटात. वळण चुकलं तर चुकू देते. पुढच्या चौकातून ॲप मुकाट्याने नवा रस्ता काढतं. फक्त शेवटच्या शंभर मीटरला घोळ होतो, कारण पिन हमखास सोसायटीच्या मागच्या भिंतीवर पडलेली असते. मग बाइक कडेला घ्यायची, हेल्मेटची काच वर करायची आणि टपरीवाल्या काकांना विचारायचं. ते मान न वळवता सांगतात, ‘‘पूर्वी तिथं टॉकीज होतं ना, त्याच्या समोर.’’