उताराची तयारी

परभणी जिल्ह्याचा बहुतांश भाग गोदावरी आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या, सपाट जमिनीचा आहे. उत्तरेस जिंतूर तालुक्यात उतरलेले अजिंठ्याच्या रांगेचे डोंगर आणि दक्षिणेस गंगाखेडच्या बाजूचा बालाघाट वगळला, तर येथे पहाटे धावणाऱ्याला चढ म्हणून भेटतो तो बहुधा एखाद्या पुलाचा. अशा मुलखातील धावकांचा गट जेव्हा चारशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून सह्याद्रीच्या घाटात धावायला जातो, तेव्हा त्याच्या शरीराची जी परीक्षा होते ती पाहणाऱ्याच्या अपेक्षेपेक्षा वेगळ्या ठिकाणी होते. सपाटीवरच्या धावकाला धास्ती असते चढाची आणि तो तयारीही चढाचीच करतो. प्रत्यक्षात त्याला जायबंदी करतो तो उतार. या लेखाचा विषय हा उतार आणि त्याची तयारी हा आहे.

महाराष्ट्रात डोंगरी शर्यत म्हटले की प्रथम नाव येते ते सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे. २०१२ मध्ये सुरू झालेली ही शर्यत पावसाळ्याच्या उत्तरार्धात, सामान्यतः ऑगस्ट वा सप्टेंबरमधील एका रविवारी होते. हाफ मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरांच्या पूर्ण मॅरेथॉनचे अर्धे अंतर, २१.०९७५ किलोमीटर. साताऱ्यात हे अंतर शहरातून निघून समर्थ मंदिराच्या बाजूने कासच्या रस्त्याला लागते, यवतेश्वरचा घाट चढते, माथ्यावर काही अंतर पुढे जाऊन वळते आणि त्याच वाटेने खाली येते; म्हणजे पहिला अर्धा भाग मुख्यतः चढाचा आणि दुसरा मुख्यतः उताराचा. २०१५ मध्ये एकाच डोंगरावर एका वेळी सर्वाधिक लोकांनी धावण्याचा विक्रम या शर्यतीच्या नावे गिनीजच्या नोंदीत गेला; त्या दिवशी अडीच हजारांहून अधिक धावक घाटात होते. जगात डोंगरी धावण्याची परंपरा याहून बरीच जुनी आहे. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस शिखरावरील धावेची पहिली नोंद १८९५ ची असून, या प्रकारातील पहिली जागतिक स्पर्धा १९८५ मध्ये इटलीत भरली. तेथील वाटा मात्र पुष्कळदा दगडधोंड्यांच्या आणि गवताळ असतात, तर साताऱ्याची वाट डांबरी आहे, आणि उताराच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण डांबरावर वेग सहज वाढतो आणि पायाला बसणारा हादरा मऊ मातीत जिरत नाही.

परभणीला धावणे नवे नाही. परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांच्या गटात २ तास ५० मिनिटे ५३ सेकंदांत पहिला क्रमांक मिळवला होता, आणि सह्याद्रीपासून इतक्या दूरच्या जिल्ह्यातून असा निकाल येणे ही मराठवाड्यातील क्रीडाक्षेत्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. पण जिल्ह्यात पहाटे रस्त्यावर दिसणारे बहुसंख्य धावक मॅरेथॉनसाठी धावत नसतात, तर पोलीस भरतीसाठी धावत असतात; त्यांचे लक्ष्य मुलांसाठी १६०० मीटर आणि मुलींसाठी ८०० मीटर इतकेच असते. त्यांच्या शेजारून, त्याच वेळी, त्याच रस्त्यावरून दुसरा एक वर्ग संथ गतीने लांब पल्ला धावत असतो. त्यात डॉक्टर, शिक्षक, बँकेतील कर्मचारी, व्यापारी असे चाळिशीच्या अलीकडचे-पलीकडचे लोक असतात, आणि ज्याला आज शहरोशहरी ‘रनर्स ग्रुप’ म्हटले जाते तो यांचाच. या दोन वर्गांची ओळख बहुधा हात उंचावण्यापुरतीच राहते. नोंदणीचे शुल्क, प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च पाहता डोंगरी शर्यतीला जातो तो दुसराच वर्ग, वास्तविक पायांत जोर असतो तो पहिल्याच्या.

अशा गटाची तयारी साधारण तीन-चार महिने आधी सुरू होते. आठवड्यातून एकदा ‘लाँग रन’, म्हणजे अंतर हळूहळू वाढवत नेण्याची संथ धाव, कृषी विद्यापीठाच्या विस्तीर्ण परिसरात किंवा शहराबाहेर जाणाऱ्या एखाद्या महामार्गाच्या कडेने होते, कारण पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतरस्त्यांवर चिखल बुटाला धरतो आणि पाऊल उचलणे कठीण होते. चढाचा सराव म्हणून कोणी उड्डाणपुलाच्या फेऱ्या मारतो, कोणी इमारतीचे जिने चढतो, कोणी व्यायामशाळेतील पट्ट्याच्या यंत्राला कल देऊन त्यावर धावतो. या सर्व उपायांत एक उणीव समान असते: त्यांपैकी एकातही सलग, दीर्घ उतार नाही. पूल दोनशे पावलांत संपतो, जिना उतरताना माणूस धावत नाही, आणि पट्ट्याची बहुतेक यंत्रे वर कलतात, खाली कलत नाहीत.

प्रवास हाही या शर्यतीचा भाग मानावा लागतो. शुक्रवारी संध्याकाळी गट निघतो. कोणी नांदेडहून परभणी, परळी, लातूर, कुर्डुवाडी या मार्गाने पुण्याकडे जाणारी पनवेल एक्स्प्रेस पकडतो, तर मोठा गट असेल तर ट्रॅव्हलर ठरवली जाते, आणि दोन्हींत डब्यांतून धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी निघते. आडवे होऊन केलेला रेल्वेचा प्रवास रात्रभर गुडघे दुमडून बसण्यापेक्षा पायांना पुष्कळ मानवतो, हे जाणते लोक पहिल्या फेरीनंतर विसरत नाहीत. शनिवारी साताऱ्यात ‘बिब’, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, घ्यावा लागतो. त्याला किंवा बुटाला जोडलेली ‘चिप’ धावक आरंभरेषेवरील आणि अंतिम रेषेवरील चटईवरून गेला की त्याची वेळ आपोआप नोंदवते, त्यामुळे हजारोंच्या गर्दीत मागे उभ्या असलेल्याचीही वेळ त्याच्या स्वतःच्या पहिल्या पावलापासून मोजली जाते. शनिवारच्या रात्री गटातील ज्येष्ठ धावक नवख्यांकडे दोनच गोष्टींचा आग्रह धरतात: नवीन बूट घालायचे नाहीत आणि नवीन पदार्थ खायचा नाही, साताऱ्याचे कंदी पेढे शर्यतीनंतरसाठी राखले जातात.

रविवारी पहाटे मैदानात जमलेल्या मराठवाड्यातील धावकाला पहिली जाणीव होते ती हवेची. जून-जुलैतील परभणीच्या दमट उकाड्यात सराव केलेल्या शरीराला साताऱ्याचे धुके आणि भुरभुर पाऊस ही मोठी सवलत असते, कारण धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावा लागतो आणि थंड हवेत हे काम सोपे होते. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. घाटात दम लागला की ‘वर हवा विरळ आहे’ असे अनेक जण म्हणतात. परंतु विरळ हवेचा परिणाम जाणवण्याइतकी उंची साधारण दीड हजार मीटरांपासून पुढे सुरू होते आणि शर्यतीची वाट तेवढी उंच जात नाही. दम लागतो तो चढामुळे.

चढाचा हिशेब शरीरक्रियाशास्त्राने बराच अचूक मांडला आहे. आल्बेर्तो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये निरनिराळ्या चढ-उतारांवर धावणाऱ्यांचा प्राणवायूचा वापर मोजून जे सूत्र दिले, त्यानुसार शंभर मीटरांत पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर सपाटीपेक्षा सुमारे तीस टक्के अधिक ऊर्जा लागते. याचा व्यावहारिक अर्थ असा की परभणीत एक किलोमीटर सहा मिनिटांत धावणाऱ्याने अशा चढावर तेवढ्याच श्रमात पावणेआठ मिनिटांच्या आसपास वेळ घेणे योग्य ठरते. मनगटावरच्या घड्याळात सहाचा आकडा पाहण्याची सवय झालेला धावक हे मान्य करत नाही, पहिल्या दोन वळणांत सपाटीचाच वेग राखू पाहतो, आणि मग स्नायूंत लॅक्टेट साठू लागते, श्वास अनावर होतो आणि तिसऱ्या वळणावर तो चालू लागतो. समंजस धावक वेग न पाहता श्रम पाहतो: पावले आखूड, नजर चार-पाच मीटर पुढे, हात थोडे जोराने, आणि शेजाऱ्याशी एखादे वाक्य बोलता येईल इतका श्वास शिल्लक. गटाचा खरा उपयोग येथे होतो, कारण एकटा धावक गर्दीच्या वेगाने ओढला जातो, तर ओळखीच्या चार जणांची तुकडी एकमेकांना आवरून धरते. रस्त्याच्या कडेने ढोल-ताशे आणि लेझीम घेऊन उभे असलेले सातारकर या वेळी जो उत्साह देतात तो मोलाचा आहे, पण वेग वाढवण्याचा मोहही तेथेच सर्वाधिक होतो.

घाटातील वळणांबाबत एक तांत्रिक बाब सांगण्यासारखी आहे. प्रमाणित शर्यतींचे अंतर विशेष गणकयंत्र बसवलेल्या सायकलने मोजतात आणि वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटर अंतर ठेवून जाणारी सर्वांत जवळची रेषा धरतात. म्हणजे जो प्रत्येक वळण बाहेरून घेतो तो मोजलेल्या अंतरापेक्षा अधिक धावतो. परंतु घाटरस्त्याच्या आतल्या कडेला चढ अधिक तीव्र असतो, त्यामुळे जवळची रेषा सर्वांत सोपी असतेच असे नाही. अनुभवी धावक तीव्र वळणांवर थोडे बाहेरून जाऊन चार पावले जास्त टाकणे पसंत करतात.

माथ्यावर वळण घेतल्यावर धावकाच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव येतो. ऊर्जेच्या हिशेबाने तो रास्तही आहे, कारण मिनेत्तींच्याच सूत्रानुसार पाच टक्के उतारावर सपाटीपेक्षा जवळपास एक चतुर्थांश ऊर्जा कमी लागते आणि सहा मिनिटांचा धावक केवळ श्वासाच्या बळावर साडेचार मिनिटांच्या आसपास किलोमीटर उतरू शकला पाहिजे. तसे फार थोड्यांना जमते. श्वास मोकळा असतो, हृदयाची गती खाली आलेली असते, आणि तरीही पाय साथ देत नाहीत. चढावर मांडीचा पुढचा मोठा स्नायू आखडत शरीर वर ढकलतो. उतारावर प्रत्येक पाऊल टेकताना गुडघा वाकतो आणि तोच स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून शरीराचा भार रोखतो, म्हणजे ब्रेकचे काम करतो. अशा ताणातील जोराने स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. गॉटशॉल आणि क्रॅम यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की नऊ अंशांच्या उतारावर पाऊल टेकतानाचा लंबदिशेचा हादरा सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी आणि मागे रोखणारे बल ७३ टक्क्यांनी वाढते. घाटरस्ता इतका तीव्र नसतो. पण परतीच्या दहा किलोमीटरांत नऊ हजारांच्या आसपास पावले पडतात, आणि थोडा थोडा हादरा इतक्या वेळा बसला की त्याची बेरीज मोठी होते.

उतार धावण्याची पद्धत पाहून ओळखता येते. ज्याने उताराचा सराव केलेला नाही तो मागे रेलतो, लांब टांग टाकतो आणि टाच आपटतो. प्रत्येक पाऊल त्याचा वेग तोडते आणि तोडलेला वेग गुडघ्यात आणि मांडीत उतरतो. सरावलेला धावक घोट्यांपासून किंचित पुढे झुकतो, पावले आखूड आणि जलद टाकतो, पाऊल शरीराच्या जवळच टेकवतो, हात जरा पसरून तोल राखतो आणि ओल्या डांबरावरचे रंगवलेले पांढरे पट्टे टाळतो. बुटाची नाडी घोट्याजवळच्या शेवटच्या भोकांतून ओवून घट्ट बांधणे ही बारीक गोष्टही येथे महत्त्वाची ठरते, कारण पाय बुटात पुढे सरकला तर अंगठ्याचे नख पुढच्या टोकावर आपटून काळे पडते. घाट संपून शहर लागले तरी उतार बराच वेळ सुटत नाही. शेवटच्या तीन-चार किलोमीटरांत रस्त्याच्या कडेला वाकून मांडी दाबत उभे राहिलेले जे धावक दिसतात, त्यांपैकी अनेकांनी चढ उत्तम चढलेला असतो.

उताराचा हा अनुभव केवळ साताऱ्यापुरता नाही. दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स मॅरेथॉन ही १९२१ पासूनची सुमारे नव्वद किलोमीटरांची शर्यत एरवी एका वर्षी डर्बनहून वर आणि पुढच्या वर्षी पीटरमारित्झबर्गहून खाली धावली जाते. महाराष्ट्रातूनही तेथे अनेक जण जातात, आणि खाली उतरण्याच्या वर्षी पाय अधिक खराब होतात असेच बहुतेक सांगतात.

दुखणे शर्यतीच्या दिवशी पूर्ण कळत नाही. पदक गळ्यात असते, छायाचित्रे काढली जातात, पेढ्यांची खरेदी होते. स्नायूंचे हे उशिरा येणारे दुखणे चोवीस ते बहात्तर तासांत कळसाला पोहोचते, म्हणजे नेमके गट परभणीला परतून कामावर रुजू झाल्यावर, जेव्हा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. हे दुखणे म्हणजे साठलेले लॅक्टेट ही समजूत चुकीची आहे, कारण ते शर्यतीनंतर तासा-दोन तासांतच रक्तातून निघून जाते. या काळात वेदनाशामक गोळ्या घेऊन पुन्हा धावणे अयोग्य; हलके चालणे, पुरेशी झोप आणि प्रथिनयुक्त आहार एवढेच पुरते.

स्नायूंचा एक गुण मात्र सपाटीवरच्या धावकाच्या बाजूने आहे. उताराची एक धाव झाली आणि स्नायू त्यातून सावरले, की पुढचे काही आठवडे तशाच उतारावर होणारी इजा आणि दुखणे लक्षणीय कमी होते. याला पुनरावृत्तीचे संरक्षण म्हणता येईल, आणि ते मिळवण्यासाठी महिनोन्‌महिने घाटात राहावे लागत नाही. शर्यतीपूर्वी तीन-चार आठवडे आणि पुन्हा सुमारे दोन आठवडे आधी, अशा दोन मध्यम उतारधावाही पुष्कळ काम करतात. त्यासाठी साताऱ्याला जाण्याची गरज नाही. परभणीपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवर जिंतूर आहे, त्याच्या जवळच जैन लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नेमगिरीच्या टेकड्या आहेत, आणि तेथील चढ आखूड असले तरी वर चालत जाऊन खाली धावत येण्याच्या आठ-दहा फेऱ्या कोणालाही करता येतात. चढ चालायचा आणि उतार धावायचा ही रीत सरावाच्या रूढ कल्पनेच्या उलट आहे, पण सपाटीवरच्या धावकाला तीच हवी आहे. परभणीतील धावकगटांनी पुढच्या पावसाळ्यात शर्यतीची नोंदणी करतानाच नेमगिरीचे दोन रविवार ठरवून टाकावेत, आणि त्या गाडीत दोन-चार जागा भरतीसाठी धावणाऱ्या मुलामुलींकरता ठेवाव्यात.