पाऊस, थंडी, अंधार: बाराही महिने चालणारी सायकल कशी तयार कराल?

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. सांगलीजवळ माधवनगरात माझी खोली आहे आणि कुपवाड एमआयडीसीत सकाळी सातची शिफ्ट. सव्वासहाला सायकल काढली तेव्हा पूर्ण अंधार होता. थोडं धुकं, रस्ता दवाने ओला. पुढे काहीतरी काळं दिसलं म्हणून ब्रेक दाबला. ऊस भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन कडेला उभी होती. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. बाहेर आलेले ऊस माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर होते.

मी थांबलो, पण माझ्या मागे एक पिकअप होती. टायर करकचून घासल्याचा आवाज आला. ड्रायव्हर खाली उतरला आणि रागावण्याऐवजी घाबरून म्हणाला, "आरं बाबा, तू दिसतच नव्हतास की!"

तेवढा वेळ मी त्या ट्रॉलीवाल्याला मनातल्या मनात शिव्या देत होतो. पण ड्रायव्हरचं बरोबर होतं. माझ्या सायकललाही मागे दिवा नव्हता आणि अंगात काळं जॅकेट होतं. त्या क्षणी ट्रॉली आणि मी, दोघांची चूक एकच होती.

त्या दिवसानंतर मी सायकल नव्याने विचार करून तयार केली. त्याचीच ही सगळी माहिती.

यूट्यूबवरची 'विंटर बाईक' आपल्या कामाची नाही

'विंटर बाईक बिल्ड' असं सर्च केलं की नॉर्वे, फिनलंड, कॅनडाचे व्हिडिओ येतात. खिळे लावलेले टायर, रस्त्यावरच्या मिठाने गंजणाऱ्या चेन, शून्याच्या खाली गेल्यावर लवकर उतरणारी बॅटरी. व्हिडिओ भारी असतात, पण ती त्यांच्या रस्त्याची उत्तरं आहेत. आपला प्रश्नच वेगळा आहे.

साताऱ्यात थंडी पडते, पण बर्फ नाही. उलट एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण तालुका दुष्काळी म्हणून ओळखला जातो. सांगलीकडे काळी माती, पावसाळ्यात कृष्णेचं पाणी आणि हिवाळ्यात उसाचा गळीत हंगाम. जानेवारीत सूर्य उगवायला सात वाजतात. म्हणजे सकाळची शिफ्ट, क्लास किंवा भरतीचा सराव असणाऱ्यांचा प्रवास अंधारातच होतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सर्वांत जास्त असतात.

म्हणून आपल्या सायकलचे खर्चाचे क्रमांक असे लागतात: आधी थांबणं, मग दिसणं, मग चिखल, आणि सगळ्यात शेवटी गिअर. बहुतेक जण बरोबर उलटं करतात. मीही तेच करणार होतो.

१. थांबणं: रिम कशाची आहे ते आधी बघा

ही सायकल मी साताऱ्यातून जुनी घेतली. २६ इंची, साधा फोर्क, सस्पेन्शन नाही. ऑगस्टमध्ये यवतेश्वरचा घाट उतरताना पाऊस आला. ब्रेक दाबला आणि काहीच झालं नाही! चाक तसंच फिरत राहिलं. दोन्ही ब्रेक जीव खाऊन दाबले तेव्हा कुठे पुढच्या वळणाच्या आधी वेग कमी झाला.

दुसऱ्या दिवशी पोवई नाक्याजवळच्या सायकलवाल्या काकांकडे गेलो.

"काका, ब्रेकचे रबर बदला."

"रबराला काय झालंय? चाकाला हात लावून बघ की. कशाची हाय रिम?"

रिम लोखंडी होती, वर चकचकीत क्रोमचा मुलामा. खरी भानगड तीच होती. कोरड्या रस्त्यावर अशी रिम चालून जाते, पण ओली झाली की गुळगुळीत क्रोम आणि रबर यांच्यात पाण्याचा थर बसतो आणि घर्षण एकदम कमी होतं. अॅल्युमिनियमची रिमसुद्धा ओली झाल्यावर थोडी घसरते, पण चाक थोडं फिरलं की रबर पाणी पुसून काढतं आणि ब्रेक लागतो. डिस्क ब्रेकची चकती चिखल-पाण्यापासून वर, हबजवळ असते, म्हणून पावसात तो सर्वांत भरवशाचा.

मग डिस्कचीच सायकल का घेतली नाही? कारण जुन्या फ्रेमला डिस्क बसवायची जागा नसते. वेल्डिंग करून जुगाड करणारे भेटतात, पण फोर्कवर तसलं काम करू नका. ब्रेक लागल्यावर सगळा ताण तिथेच येतो.

काकांनी स्वस्तातला मार्ग सांगितला: आधी फक्त पुढची रिम बदल. ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं, त्यामुळे थांबवण्याचं जास्त काम पुढचं चाकच करतं. जुना हब तसाच ठेवून त्यावर अॅल्युमिनियमची रिम चढवली, चाकाचा आऊट काढला, चारही ब्रेक रबर नवे टाकले. डिसेंबरात त्या ट्रॉलीच्या हातभर अलीकडे मी थांबलो तो या रिममुळेच.

एक सांगून ठेवतो. रिम घेताना इंचांवर विसंबू नका. टायरच्या कडेला ५५९ किंवा ६२२ असा आकडा छापलेला असतो. टायर रिमवर जिथे बसतो तिथला तो मिलिमीटरमधला व्यास. २६ इंची एमटीबीला ५५९, ७००सी ला ६२२, आणि आजोबांच्या २८ इंची काळ्या सायकलला ६३५. आकडा जुळला तरच रिम आणि टायर जुळतात.

२. दिसणं: थोडं गणित करू

ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. ड्रायव्हरने तुम्हाला पाहून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत दीड सेकंद गेला असं धरा. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी २५ मीटर पुढे आली. मग थांबायला अजून २० ते २५ मीटर. एकूण जवळपास ५० मीटर, आणि तेही रस्ता कोरडा असेल तर. डिपरच्या उजेडात काळ्या जॅकेटमधला माणूस इतक्या लांबून दिसेल याची खात्री नाही.

त्यामुळे मी मागून सुरुवात केली:

- मागे दोन लाल दिवे. एक स्थिर, एक लुकलुकणारा. लुकलुकणारा लक्ष वेधतो, पण तुम्ही किती लांब आहात याचा अंदाज स्थिर दिव्यावरून सोपा जातो. शिवाय एकाची बॅटरी संपली तरी दुसरा आहेच.
- रिफ्लेक्टर. याला चार्जिंग लागत नाही. साधा आरसा प्रकाश भलतीकडे फेकतो, रिफ्लेक्टर मात्र आलेला प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतो. म्हणून तो ड्रायव्हरला झगझगीत दिसतो आणि बाजूला उभ्या माणसाला मंद. सायकलच्या रिफ्लेक्टरच्या दर्जासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये आदेशही काढलाय. नवी सायकल घेतल्यावर 'लूक खराब होतो' म्हणून ते काढून टाकू नका.
- पॅडल आणि घोटा. पॅडलवर रिफ्लेक्टर आणि घोट्याला रिफ्लेक्टिव्ह पट्टी. वर-खाली होणारा ठिपका दिसला की 'ही सायकल आहे' हे ड्रायव्हरला लगेच कळतं.

पुढचा दिवा घेताना बॉक्सवरचे आकडे नीट वाचा. समजा आत २००० एमएएचचा ३.७ व्होल्टचा सेल आहे. २ × ३.७ = ७.४ वॅट-तास. दिवा ३ वॅटचा असेल तर कागदावर जेमतेम अडीच तास, प्रत्यक्षात दोनच्या आसपास. त्याच बॉक्सवर 'फुल ब्राइटनेसवर १० तास' लिहिलं असेल तर काय समजायचं ते समजा. आपल्याकडच्या १०-१२ अंशांच्या थंडीत बॅटरी फारशी दगा देत नाही, ती काळजी सोडा.

दिवा थोडा खाली झुकवून लावा. समोरच्याचे डोळे दिपले तर तो तुमच्याच अंगावर येईल. आणि मोबाईलची टॉर्च हँडलला बांधणं हा उपाय नाही. तिचा उजेड चहूकडे पसरतो, रस्त्यावर लांब पडत नाही.

३. पाणी आणि चिखल

दिव्यावर आयपीएक्स४ लिहिलं असेल तर सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी तो सहन करतो. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. मधला 'एक्स' म्हणजे धुळीची रेटिंग दिलेली नाही. सायकलच्या दिव्याला चार पुरे. फोन मात्र वॉटरप्रूफ असला तरी पावसात हँडलवर लावून उपयोग नाही, कारण काचेवर थेंब पडले की टचस्क्रीनला ते बोटासारखेच वाटतात आणि मॅप मनाला येईल तिकडे सरकतो. रस्ता आधी पाहून घ्या आणि फोन झिपच्या पिशवीत घालून खिशात ठेवा.

मडगार्ड पूर्ण लांबीचे घ्या, सीटखाली अडकवायची छोटी पट्टी नको. पण सांगलीकडच्या शेतरस्त्यांवर एक धोका आहे. काळी माती ओली झाली की टायरला थरावर थर चिकटतो आणि मडगार्डमध्ये दाटून चाकच जाम होतं. म्हणून टायर आणि मडगार्डमध्ये निदान दोन बोटं जागा सोडा. त्यासाठी फार रुंद टायर टाकायचा मोह टाळावा लागतो. मी २६ × १.७५ चे टायर घेतले, मधे सपाट आणि कडेला नक्षी.

चेनला जुनं इंजिन ऑइल ओतू नका, त्यात आधीच काजळी आणि धातूचा चुरा असतो. चेन कोरडी पुसा, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल सोडा, पाच मिनिटांनी वरचं तेल पुसून काढा. आणि सायकल प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका, हबमधलं ग्रीस निघून जातं. पावसाळा संपला की एकदा ओव्हरऑइलिंग करून घ्या.

२०१९ आणि २०२१ चा पूर सांगलीकर विसरणार नाहीत. सायकल पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल तर नुसती धुऊन वापरू नका. हब आणि पॅडलचा एक्सल उघडून साफ केल्याशिवाय आतला गंज दिसत नाही. वाहत्या पाण्यात तर सायकल घालूच नका.

४. थंडीची हवा

दुपारी ३० अंशांत टायरमध्ये ५० पीएसआय हवा भरली आणि पहाटे १२ अंशांत सायकल काढली, तर हवा आकुंचन पावून दाब ३ ते ४ पीएसआयने कमी भरतो. पंक्चर झाल्यासारखं वाटतं, पण तसं नसतं. आठवड्यातून एकदा सकाळीच हवा तपासा. पूर्ण बोटांचे हातमोजे मात्र हवेतच. बोटं बधिर झाली तर चांगला ब्रेक असूनही तो वेळेवर दाबला जात नाही.

मला खर्च किती आला?

जुनी सायकल ३,५०० रुपये. पुढची रिम बसवणीसह ९००, ब्रेक रबर ३००, पुढचा दिवा ९००, मागचे दोन दिवे ५००, पट्ट्या १५०, मडगार्ड ४५०, ओव्हरऑइलिंग ४००. म्हणजे सायकल सोडून ३,६००. तुमच्याकडे दर कमी-जास्त असतील. गिअर नाहीत. यवतेश्वर चढताना दोनदा उतरून चालतो आणि त्याची लाज वाटत नाही.

एवढे पैसे एकदम नसतील तर आज फक्त मागचा दिवा आणि पट्टी घ्या, बाकीचं पुढच्या पगाराला. आणि मग एक छोटी टेस्ट करा. अंधार पडला की सायकल घरापुढे रस्त्याच्या कडेला उभी करा, दिवे लावा, ५० पावलं लांब जा आणि मित्राला मागून मोटरसायकलचा डिपर टाकायला सांगा.

मी हे केलं तेव्हा खोलीतला मित्र म्हणाला, "दिसतंय रे, लांबूनच दिसतंय." मला तेवढंच ऐकायचं होतं.

ती ट्रॉली? तिथून निघताना माझ्याकडची एक लाल पट्टी मागच्या उसाला बांधायला हवी होती. तेव्हा जवळ नव्हती. आता बॅगेत दोन जास्तीच्या ठेवतो.