चित्रकार्डांचा संग्रह व विनिमय : पालघर-तारापूर प्रांताच्या दृष्टीनें कांहीं विचार

जुन्या घराचें दप्तर तपासावयास बसलें म्हणजे रुमाल सोडल्याबरोबर संशोधकाची नजर प्रथम सनदांकडे जाते, मग जमाखर्चाकडे, मग खासगी पत्रांकडे. तळाशीं जीं चित्रांचीं पोस्टकार्डें निघतात तीं तो बहुधा घरांतील मुलांच्या हातीं देतो. पुढें तीं दोन प्रकारच्या छंदी लोकांकडे जातात. चित्रांचा शोकी चित्र पाहतो व पाठ पाहत नाहीं. तिकिटांचा शोकी कोपरा कापून घेतो व उरलेलें टाकून देतो. या दोघांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. कारण ज्यानें या कागदाचें मोल त्यांस सांगावयाचें त्यानेंच तो आधीं हातावेगळा केलेला असतो. चित्रकार्ड हें इतिहासाचें साधन आहे काय, असल्यास कोणत्या गोष्टीचें, आणि त्याचा संग्रह व अदलाबदल कशी केली असतां तें साधन नष्ट होणार नाहीं, याचा विचार आम्ही येथें उत्तर कोंकणच्या, विशेषतः पालघर, बोईसर व तारापूर या टापूच्या, अनुरोधानें करणार आहों.

पोस्टकार्ड ही वस्तु प्रथम ऑस्ट्रिया-हंगेरींत १ ऑक्टोबर १८६९ रोजीं निघाली. हिंदुस्थानांत पाव आण्याचें सरकारी कार्ड १ जुलै १८७९ पासून सुरू झालें. त्यावर अर्थात् चित्र नव्हतें. खासगी कारखानदारानें छापलेल्या कार्डावर तिकीट चिकटवून तें टपालांत टाकण्याची मोकळीक इंग्लंडांत १८९४ सालीं मिळाली, आणि तें शतक संपण्यापूर्वींच मुंबई-कलकत्त्याच्या दुकानांतून चित्रकार्डें विकावयास आलीं. त्याच १८९४ सालीं राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईस निघाला होता. तेथील पॉल गेरहार्ट या जर्मन शिळाछापकारानें काढलेलीं मुंबईच्या लोकांचीं चित्रें हिंदी चित्रकार्डांच्या अगदीं आरंभींच्या मालिकांपैकीं होत. त्यामागून सर जे. जे. कलाशाळेंतील महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) यांनीं मुंबईच्या रस्त्यांतील माणसांचीं कार्डें चितारलीं. या विषयावर उमर खान यांचा ‘पेपर ज्युअल्स’ हा इंग्रजी ग्रंथ २०१८ सालीं प्रसिद्ध झाला असून त्यांत हीं कार्डें रंगांत पाहावयास मिळतात. पहिल्या महायुद्धापूर्वीं उत्तम रंगीत छपाई बहुधा जर्मनींत करून आणीत. म्हणून मुंबईच्या चित्राखालीं सॅक्सनीचा किंवा बव्हेरियाचा उल्लेख दिसला तर चकित होण्याचें कारण नाहीं. १९१४ सालीं तो व्यापार तुटला.

आतां आमच्या टापूकडे वळूं. तारापूरच्या किल्ल्याचें किंवा केळव्याच्या पाणकोटाचें त्या काळचें छापील चित्रकार्ड शोधावयास जो निघेल त्यानें निराशेची तयारी ठेवावी. कार्ड छापणाराचें गिऱ्हाईक म्हणजे प्रवासी साहेब, पलटणींतील शिपाई आणि थोडाबहुत शहरी हिंदी गृहस्थ. त्याला हवी व्हिक्टोरिया टर्मिनस, राजाबाई टॉवर, माथेरान, महाबळेश्वर, कार्ल्याचीं लेणीं. सुरतेकडून येणारा बी. बी. अँड सी. आय. चा लोहमार्ग १८६४ अखेर ग्रँटरोडपर्यंत पोंचला आणि पुढें १९५१ त ती कंपनी पश्चिम रेल्वेंत विलीन झाली. त्या सबंध काळांत पालघर-बोईसरास गाडी थांबे, पण कॅमेरा घेतलेला प्रवासी सहसा उतरत नसे. जेथें १७३९ च्या जानेवारींत बाजी भिवराव रेठरेकर पडले त्या तारापुराबद्दल लिहिलेले कागद छापून निघाले; चित्राच्या बाबतींत मात्र व्यापारी मंडळींस त्या जागेचें कांहीं वाटलें नाहीं.

यावरून या प्रांताच्या अभ्यासकास चित्रकार्डांचा उपयोग नाहीं असें कोणी अनुमान काढील तर तें चुकेल. *या प्रांताचीं* कार्डें थोडीं, परंतु *या प्रांतांत आलेलीं* कार्डें तशीं थोडीं नसावयाचीं. मुंबईस नोकरीधंद्यास राहणारा मुलगा, शिक्षणास गेलेला भाचा, परदेशीं व्यापारास गेलेला पारशी गृहस्थ हे घरीं कार्डें धाडीत. चित्र बोरीबंदरचें किंवा एडनचें. इतिहास आहे तो पाठीवर, आणि तो तारापूर, चिंचणी, केळवें, सातपाटीचा आहे. म्हणून आम्ही म्हणतों कीं या विषयांत कार्ड आधीं उलटें करून वाचावें.

पत्त्यापासून आरंभ करूं. सध्यांचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून निराळा झाला. तत्पूर्वींच्या प्रत्येक पत्त्यावर जिल्हा ठाणें हाच असावयाचा. याहून घोंटाळ्याची गोष्ट तालुक्याची आहे. ठाणें जिल्ह्याचें गॅझेटिअर १८८२ त निघालें त्यांत या तालुक्यास पालघर म्हटलेलें नाहीं; तो माहीम तालुका आहे. तेव्हां ‘ता. माहीम’ असें पाहून कार्ड मुंबईच्या माहिमाच्या खणांत ठेवणें ही सहज होण्यासारखी चूक आहे, आणि विक्रेत्यांच्या याद्यांत ती होते. गांवकरी ‘केळवें-माहीम’ असें जोडनांव वापरीत त्यांतील मर्म हेंच. दोन माहिमांचा हा घोळ आपणांस नवीन नाहीं. १९२४ सालीं राजवाडे यांनीं संपादून छापलेली महिकावतीची बखर ज्यांनीं वाचली आहे त्यांनीं तो याहून कठीण रूपांत अनुभवलेला आहे. कार्डाच्या बाबतींत सुदैवानें निकाल शिक्क्यावरून लागतो. त्या काळीं निघाल्याचा व पोंचल्याचा असे दोन शिक्के बहुधा उठत. पत्ता संदिग्ध असला तरी पोंचल्याच्या शिक्क्यावरील पोस्टाचें नांव संदिग्ध नसतें. जें कार्ड स्टेशनावरील पेटींत किंवा गाडींत पडलें त्यावर गांवच्या पोस्टाऐवजीं रेल्वे टपालाचा, म्हणजे आर. एम. एस. चा, शिक्का येतो. त्यावरून लिहिणारा प्रवासांत होता कीं काय याचा अंदाज करतां येतो.

लिपीचा विचार केला तर हें साधन आमच्या वाचकांच्या खास हक्काचें ठरतें. या पट्ट्यांत मराठी व गुजराती या दोन्ही भाषांचें चलन आहे. पत्ता इंग्रजींत किंवा बाळबोधींत, मजकूर मोडींत, आणि कडेला पारशी स्नेह्यानें गुजरातींत लिहिलेली एक ओळ, असें एकाच कार्डावर आढळणें शक्य आहे. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यास व्यवहारांतून गेली. त्यामुळें बाजारांतील विक्रेत्यास मजकूर ‘कांहीं देशी अक्षर’ एवढाच दिसतो व तो किंमत चित्राची लावतो. मोडी जाणणारास याहून स्वस्त साधन मिळणें कठीण!

मायन्याकडेही लक्ष द्यावें. आरंभींच्या चित्रकार्डांची संपूर्ण पाठ पत्त्यासाठीं राखलेली असे. मजकूर लिहावयाचा तो चित्राच्या भोंवतालच्या कोऱ्या पट्टींत. पाठ उभ्या रेघेनें दुभागून डावीकडे मजकूर लिहिण्याची सवलत इंग्लंडांत १९०२, जर्मनींत १९०५ व अमेरिकेंत १९०७ सालीं मिळाली आणि आमच्याकडेही तोच प्रकार लौकरच रूढ झाला. तीर्थरूपांपासून साष्टांग नमस्कारापर्यंतचा लांबलचक मायना त्या बोटभर पट्टींत मावणार कसा? तो आखडत जाऊन ‘कृ. सा. न.’ वर व शेवटीं नुसत्या सहीवर आलेला दिसतो. मराठी पत्रलेखनांतील औपचारिकपणा इंग्रजी शिक्षणानें घालविला असें म्हणण्याची चाल आहे; त्या श्रेयांत जागेच्या टंचाईचाही वांटा असावा असें आम्हांस वाटतें.

कालनिर्णय हा या विषयांतील खरा कसोटीचा भाग आहे. प्रत्येक कार्डास चार काळ असतात : छायाचित्र घेतल्याचा, कार्ड छापल्याचा, मजकूर लिहिल्याचा आणि टपालांत पडल्याचा. शेवटले दोन सहसा जवळ असतात. पहिले दोन त्यांच्यापासून पुष्कळ वर्षें दूर असूं शकतात, कारण एकच कांच अनेक वर्षें छापण्याची प्रकाशकांस संवय होती. समजा, मुंबईच्या रस्त्याचें चित्र आहे, त्यांत घोड्यांची ट्राम आहे आणि शिक्का १९१० सालचा आहे. मुंबईची घोड्यांची ट्राम १८७४ त सुरू होऊन १९०५ त बंद पडली व विजेची १९०७ त धांवूं लागली. तेव्हां शिक्क्यावरून चित्राचा काळ ठरविणारा गृहस्थ मेलेले घोडे पांच वर्षें अधिक राबवितो. सनदेच्या नकलेवरील तारीख व मूळ सनदेची तारीख एक धरूं नये हा धडा ज्यांस पाठ आहे त्यांनीं येथें चुकूं नये.

तिकिटाचा पुरावा अलीकडली मर्यादा देत नाहीं; पलीकडली देतो. एडवर्ड बादशहाचें तिकीट असेल तर कार्ड १९०२ च्या पूर्वीं गेलेलें नाहीं, पंचम जॉर्जचें असेल तर १९११ च्या पूर्वीं नाहीं, इतकेंच म्हणावें. जुनीं शिल्लक तिकिटें लोक पुढेंही वापरीत. हंशिलाचा दर मात्र चांगली सांखळी पुरवितो. देशांतल्या देशांत पाव आणा हा दर १८७९ पासून १९२२ पर्यंत टिकला. त्या सालीं अर्धा आणा झाला व १९३१ च्या अखेरीस नऊ पै. म्हणून १९२२ नंतरच्या शिक्क्याचें कार्ड एकट्या पाव आण्याच्या तिकिटावर गेलेलें दिसलें आणि ‘नॉटपेड’चा, म्हणजे बाकी वसुलीचा, छाप त्यावर नसला तर तिकीट मागाहून चिकटविलें असावें असा संशय धरण्यास जागा आहे. छपाईची जात भिंगाखालीं कळते : हाफटोनाचे ठिपके रांगेनें सारखे बसलेले असतात, शिळाछापाचा दाणा वेडावांकडा असतो, आणि खऱ्या छायाचित्रांत ठिपकाच नसतो. हें शेवटलें कार्ड सांपडल्यास त्याची विशेष निगा राखावी. गांवच्या किंवा फिरत्या छायाचित्रकारानें एखाद्या लग्नाच्या, शाळेच्या वा जत्रेच्या प्रसंगीं कार्डाच्या कागदावर काढलेल्या मोजक्या प्रतींपैकीं ती असण्याचा संभव असतो, आणि आमच्या टापूचें चित्र मिळालें तर येथेंच मिळेल.

चित्राखालील नांवांवर विश्वास किती ठेवावा? फारच थोडा. ‘मुंबईची कोळीण’ असें छापलेली बाई वसईकडील कोळी, सातपाटीकडील मांगेली, कीं आणखी कोणी, हें छापणारास ठाऊक नव्हतें व त्याच्या गिऱ्हाइकास नको होतें. माणसास नांव नाहीं. फक्त ‘नमुना’ आहे. तथापि लुगडें नेसण्याची तऱ्हा, दागिने व टोपली हीं चित्रांत आहेत, आणि किनाऱ्यावरील वृद्ध स्त्रियांस तीं दाखविलीं असतां लंडनच्या प्रकाशकास न कळलेली गोष्ट त्या क्षणांत सांगतात. हें काम पुढें ढकलण्यासारखें नाहीं.

संग्रहांत काय टिकलें व काय टिकलें नाहीं याचाही विचार हवा. मृत्यूच्या बातमीचें कार्ड वाचून फाडून टाकण्याची आमच्याकडील रूढि सर्वांस माहीत आहे. त्यामुळें घरांतील कार्डांच्या गठ्ठ्यांत जन्म, लग्नें, परीक्षा, प्रवास सारें असतें, आणि प्लेगाच्या वर्षांतही कोणी मेलेलें दिसत नाहीं. गठ्ठ्यावरून घराण्याची कथा रचणारानें ही पोकळी ध्यानांत धरावी. उलट एक खूण अशी आहे कीं जिला बाजारांत दोष मानतात व आम्ही पुरावा मानतों : कार्डाच्या मध्यभागीं पडलेलें भोंक. येणारें पत्र भिंतीवरच्या तारेंत ओंवून ठेवण्याची पद्धति होती. ज्या कार्डांचीं भोंकें एकमेकांशीं जुळतात तीं एका तारेंतलीं, म्हणजे एका घरचीं, असण्याचा संभव मोठा.

येथें विनिमयाच्या मुख्य प्रश्नाशीं आम्ही येऊन पोंचलों. कार्डांच्या अदलाबदलीचा नाद या छंदाइतकाच जुना आहे. हल्लीं तर २००५ सालीं पोर्तुगालांत सुरू झालेल्या पोस्टक्रॉसिंग या योजनेनें देशोदेशींचे अनोळखी लोक परस्परांस नवीं कार्डें धाडतात. आपण एकास पाठवावें, तिसऱ्यानेंच आपणांस पाठवावें, अशी तिची रीत आहे. (ज्यांनीं तारापुरास कोट बांधला त्यांच्या देशाकडून निरुपद्रवी असें कांहीं आलें हें नमूद करावयास हरकत नाहीं.) नव्या कार्डांची अशी देवघेव निर्दोष आहे. जुन्या कार्डांची तशी नाहीं. एका तारेंतील साठ कार्डें विक्रेत्याच्या हातीं गेलीं कीं तो तीं विषयवार लावतो : बोटी एकीकडे, देवळें दुसरीकडे, बायकांचीं चित्रें तिसरीकडे. संग्राहक आपापल्या विषयाचीं उचलतात, मग आपसांत बदलतात; दोन वर्षांत तीं साठ ठिकाणीं असतात व तें घराणें कायमचें पुसलें जातें. कागदाचा एक तुकडाही न फाटतां दप्तर जळाल्यासारखें होतें. चिंचणीचे राष्ट्रकूटकालीन ताम्रपट उजेडांत आले ते एकत्र आले, म्हणून त्यांवरून या किनाऱ्याचा दहाव्या शतकांतील इतिहास लावतां आला. तेच पत्रे एकेक करून मोडींत निघाले असते तर काय उरलें असतें?

आमची सूचना जुन्या संशोधकांच्या परिपाठास धरूनच आहे. मूळ कागद घरधन्याकडे राहूं द्यावा, नक्कल घ्यावी, व विनिमय नकलांचा करावा. आतां तर दोन्ही बाजूंचें छायाचित्र घेण्यास क्षणही लागत नाहीं. ज्यास मूळ कार्ड द्यावयाचेंच असेल त्यानें तें देण्यापूर्वीं सबंध गठ्ठ्याची यादी करावी : कोणत्या गांवीं, किती कार्डांत, कोणत्या क्रमानें सांपडलें, पत्ता जसाच्या तसा, दोन्ही शिक्के, लिपि, प्रकाशकाचें नांव व क्रमांक, भोंक असल्यास तेंही. यादीची एक प्रत कार्डाबरोबर जावी, एक मागें राहावी. जिवंत कुटुंबाचा खासगी मजकूर असेल तेथें घरच्या मंडळींची संमति घेतल्याशिवाय तो छापूं नये, हें वेगळें सांगावयास नकोच.

राहतां राहिली जपणूक. तारापूरच्या बाजूस खारी हवा, चार महिने दमट, आणि कसर बारमाही. कार्डें डिंकानें वहींत चिकटवूं नयेत. पाठ गेली म्हणजे सर्वस्व गेलें. बाजारांतील मऊ वासाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या कालांतरानें चिकट होऊन शाई ओढतात, त्याही टाळाव्या. आम्लरहित कागदाचीं पाकिटें, वर पेटी, पेटींत पोथ्यांस ठेवतात तशी वेखंडाची पुरचुंडी, मात्र कार्डास न लागेल अशी. पावसाळा सरल्यावर एक वार सावलींत वारा द्यावा, उन्हांत नव्हे. संग्राहकाच्या नांवाचा रबरी शिक्का कार्डावर मारण्याची खोड ज्यांस आहे त्यांनीं ती सोडावी. क्रमांक घालावयाचा तर मऊ पेन्सिलीनें, आणि तोही पाकिटावर.